नावेला नाव बाईचं

भाजी निवडत असाल, शिवण चालू असेल किंवा दुकानात बसला असाल, तर हातातलं काम चालू राहू द्या. आजची गोष्ट हातांचीच आहे.

आपल्या कोकणातल्या कुठल्याही बंदरात उभं राहून होड्यांवरची नावं वाचत गेलं तर काय दिसतं? एकवीरा, महालक्ष्मी, जलदेवी. नावेला नाव बाईचं. मासळी आली की टोपली बाईच्या डोक्यावर, बाजारातला भाव बाईच्या जिभेवर. पण सुकाणू धरायची वेळ आली की आपण किनाऱ्यावर. बाईचा पाय होडीला लागला की जाळं रिकामं येतं, असं ऐकतच आपल्यातल्या कितीतरी जणी वाढल्या. आम्हाला वाटायचं, ही आपल्याकडचीच समजूत. पण इतिहास चाळायला घेतला आणि दिसलं, की युरोप-अमेरिकेतले खलाशीही हेच म्हणत होते. जहाजावर बाई म्हणजे अपशकुन! आणि तेच खलाशी आपल्या भाषेत जहाजाला मात्र 'ती' म्हणत.

आज आपण अशाच एका 'ती'ची गोष्ट ऐकणार आहोत. तिचं नाव ॲडव्हेंचरेस, म्हणजे साहस करणारी बाई. 1913 साली बांधलेलं हे शिडाचं जहाज अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, वॉशिंग्टन राज्यातल्या पोर्ट टाउनसेंड या बंदरात आहे. त्यावर मुलींच्या आणि बायकांच्या शिकण्याच्या सफरी निघतात. या सफरीत बायका प्रवासी म्हणून बसून राहत नाहीत. शीड त्याच चढवतात, सुकाणू त्याच धरतात.

पण ॲडव्हेंचरेसवर चढण्याआधी थोडं मागे जाऊ या. बायका समुद्रावर कधी गेल्याच नव्हत्या का? गेल्या होत्या. फक्त त्यांना तिथं बाई म्हणून उभं राहायची मुभा नव्हती.

1766 साली फ्रान्सची एक मोहीम जगाची फेरी करायला निघाली. त्यातल्या एका जहाजावर कॉमर्सन नावाचा वनस्पती गोळा करणारा अभ्यासक होता आणि त्याच्याबरोबर एक मदतनीस. हा मदतनीस डोंगर चढायचा, ओझी वाहायचा, रोपं वाळवून त्यांची मांडणी करायचा. खरं तर तो 'तो' नव्हताच. ती होती झान बारे, शेतमजूर कुटुंबात जन्मलेली मुलगी. फ्रेंच नौदलाच्या जहाजांवर बायकांना बंदी होती, म्हणून पुरुषाचा वेष. वाटेत तिचं गुपित फुटलं, पण पुढं काही वर्षांनी ती फ्रान्सला परतलीच. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली ज्ञात स्त्री म्हणून आज तिची नोंद आहे.

दुसरी गोष्ट मेरी पॅटनची. ही नीट ऐका, कारण आजच्या विषयाची गाठ इथंच आहे. 1856 सालची ही गोष्ट. 'नेपच्यून्स कार' नावाचं वेगवान मालवाहू शिडाचं जहाज न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालं. तेव्हा पनामा कालवा नव्हता. दक्षिण अमेरिकेच्या अगदी खालच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून जायचं. तिथलं वारं आणि लाटा यांनी किती जहाजं गिळली त्याला गणती नाही. जहाजाचे कप्तान जोशुआ पॅटन. त्यांची बायको मेरी बरोबर होती. वय 19 वर्षं, आणि पोटात बाळ.

वाटेत कप्तान आजारानं आडवे झाले. पहिल्या अधिकाऱ्यानं कामात कुचराई केली म्हणून त्यांनी त्याला आधीच अटकेत ठेवलं होतं. दुसरा अधिकारी माणूस चांगला, पण त्याला समुद्रात जहाज नेमकं कुठं आहे हे काढता येत नव्हतं. मोकळ्या समुद्रात ना झाड, ना देऊळ, ना मैलाचा दगड. सूर्याची उंची मोजायची, घड्याळ बघायचं, कोष्टकं उघडायची, आकडेमोड करायची आणि मग नकाशावर टिंब काढायचं: आपण इथं आहोत. ते टिंब चुकलं की जहाज खडकावर.

हे टिंब काढता येणारी, पायावर उभी असलेली एकच व्यक्ती जहाजावर होती. मेरी. आधीच्या लांबच्या सफरीत वेळ घालवायला म्हणून तिनं नवऱ्याकडून हे गणित शिकून घेतलं होतं. अटकेतल्या अधिकाऱ्यानं सांगून पाहिलं, की मला सोड, जहाज मी सांभाळतो. ती नाही म्हणाली. तिनं खलाशांना गोळा करून परिस्थिती सांगितली आणि ते तिच्या बाजूनं उभे राहिले. एकीकडे नवऱ्याची शुश्रूषा, दुसरीकडे केप हॉर्नची वादळं. नोव्हेंबर 1856 मध्ये तिनं जहाज सॅन फ्रान्सिस्कोला सुखरूप पोहोचवलं. विमा कंपन्यांनी तिला 1000 डॉलर बक्षीस दिलं, वर्तमानपत्रांत तिचं कौतुक छापून आलं. पुढच्या वर्षी नवरा गेला, आणि 1861 साली, पंचविशीही गाठायच्या आत, क्षयानं ती स्वतः गेली.

मेरीला सगळे शूर म्हणाले. होतीच ती शूर. पण आम्ही या गोष्टीकडे जितक्यांदा पाहिलं तितक्यांदा आमचं लक्ष दुसरीकडेच गेलं. शौर्य केप हॉर्नला कामी आलं ते आधीचं गणित येत होतं म्हणून. त्या काळी अनेक कप्तानांच्या बायका जहाजावर राहायच्या. त्यांच्यातही शौर्य असेलच. पण कुणी शिकवलं नसेल तर केबिनमध्ये बसून देवाचा धावा करण्यापलीकडे त्यांच्या हातात काय होतं? मेरीला शिकायला मिळालं तेही नवरा राजी होता म्हणून. शिकण्यासाठी बाईनं नशिबावर अवलंबून राहावं लागलं, ही खरी अडचण.

याच काळाच्या थोडं पुढं आपली आनंदीबाई जोशी समुद्र ओलांडून गेली. 1883 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला. त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं म्हणण्याचे ते दिवस. या दोघींनी शिकण्यासाठी समुद्र पार केला. समुद्रावरच शिकायचं, समुद्राचंच शिकायचं, ही वाट बायकांसाठी मोकळी व्हायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. आता आपण आपल्या जहाजाकडे येऊ.

ॲडव्हेंचरेस हे स्कूनर जातीचं जहाज आहे. स्कूनर म्हणजे काय? दोन किंवा अधिक डोलकाठ्यांचं जहाज, ज्याची मुख्य शिडं जहाजाच्या लांबीला धरून, पुढून मागे अशी लावलेली असतात. दोन डोलकाठ्या असल्या तर मागची बहुधा जास्त उंच. मोठ्या जुन्या जहाजांवर शिडं आडवी असायची आणि ती सोडायला-गुंडाळायला खलाशांना उंच चढावं लागायचं. स्कूनरची शिडं बरीचशी खालूनच, डेकवर उभं राहून दोरांनी चालवता येतात. त्यामुळे माणसं कमी लागतात. म्हणून अमेरिकेच्या किनाऱ्यावर मासेमारीला, मालवाहतुकीला आणि बंदराच्या वाटाड्यांना स्कूनर फार आवडायची.

ॲडव्हेंचरेसची लांबी 133 फूट. तिचा आराखडा क्राउनिनशील्ड या नामवंत आरेखकाचा आणि बांधणी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मेन राज्यातली. ती बांधून घेतली जॉन बॉर्डन या श्रीमंत गृहस्थानं. हेतू काय? उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात जाऊन तिथला प्रचंड बोहेड देवमासा मारायचा आणि न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयासाठी आणायचा. संग्रहालयाचे अभ्यासक रॉय चॅपमन अँड्र्यूज सफरीत होते. बोहेड काही मिळाला नाही. अँड्र्यूजनी तिथल्या बेटांवरच्या सीलचं चित्रीकरण मात्र केलं. देवमाशाचं हे एवढं लक्षात ठेवा, पुढं पुन्हा त्याच्याकडे यायचं आहे.

1914 मध्ये बॉर्डननं जहाज सॅन फ्रान्सिस्कोच्या वाटाड्यांना विकलं. तिथल्या बंदराच्या तोंडाशी समुद्रात वाळूचा मोठा दांडा आहे. परक्या जहाजाला आत नेण्यासाठी वाट माहीत असलेला माणूस लागतो. हे वाटाडे ॲडव्हेंचरेसवर बसून भर समुद्रात जहाजांची वाट पाहायचे. थंडी, धुकं, उसळता समुद्र, तरी जहाज तिथंच. 1952 पर्यंत तिनं ही चाकरी केली. म्हणजे बघा, जवळजवळ 40 वर्षं नाव बाईचं आणि कारभार सगळा पुरुषांचा. आपल्या बंदरातल्या होड्यांसारखंच!

पुढं तिला उत्तरेला, सिॲटल शहराकडे आणलं गेलं. लाकडाचं जुनं जहाज म्हणजे रोजचा खर्च. फळ्या कुजतात, सांधे गळतात, दोर झिजतात. इंजिनाच्या बोटी आल्यावर अशी किती जहाजं चिखलात रुतून संपली. ॲडव्हेंचरेसही संपली असती. ती वाचली ती शाळा झाल्यामुळे.

शिडाच्या जहाजाची शाळा करायची, ही कल्पना तोवर अमेरिकेत रुजू लागली होती. गर्ल स्काउट, म्हणजे आपल्याकडच्या गाइड, यांच्यात 1934 पासून 'मरिनर' नावाची शाखा सुरू झाली होती. या मुली नौकानयन शिकायच्या. त्याच सुमारास आयर्विंग जॉन्सन आणि त्यांची पत्नी इलेक्टा, जिला सगळे एक्सी म्हणत, हे जोडपं 'यँकी' नावाच्या स्कूनरवर तरुणांना घेऊन जगाच्या फेऱ्या करू लागलं. प्रत्येक फेरी दीड वर्षाची. पुढं त्याच नावाचं दुसरं जहाज घेऊन 1958 पर्यंत त्यांनी एकूण सात फेऱ्या केल्या. एक्सी प्रत्येक फेरीत होती, आणि त्यांची मुलंही जहाजावर वाढली. त्यांच्या जहाजावर येणारे खलाशी नव्हते. येऊन, करून, शिकून ते खलाशी होत.

ॲडव्हेंचरेसवर हे काम 1960 च्या दशकात 'यूथ ॲडव्हेंचर' या संस्थेनं सुरू केलं. तिची धुरा पुढं अनेक वर्षं अर्नेस्टीन बेनेट या बाईंनी सांभाळली. मुलींच्या आणि मुलांच्या तुकड्या यायच्या, शीड चढवायच्या, डेक घासायच्या, रंग द्यायच्या. पैसा थोडा आणि हात पुष्कळ, असा तो संसार. 1989 मध्ये जहाजाला अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यानंतर 'साउंड एक्सपीरियन्स' या संस्थेनं ते हाती घेतलं आणि आजही तीच चालवते. तिच्या कप्तानांमध्ये आणि अधिकाऱ्यांमध्ये बायका आहेत, आणि मुलींसाठी व बायकांसाठी खास सफरी आहेत.

अशा सफरीत घडतं काय? घटकाभर कल्पना करा, आपण सगळ्या डेकवर उभ्या आहोत. आपल्यात कुणी शिक्षिका, कुणी नर्स, कुणी आजी. कुणीच याआधी शिडाला हात लावलेला नाही.

पहिलं काम मुख्य शीड चढवण्याचं. या शिडाच्या वरच्या कडेला एक लांब, जड लाकूड असतं. ते वर न्यायला दोन दोर: एक डोलकाठीजवळच्या टोकासाठी, दुसरा बाहेरच्या टोकासाठी. यांत्रिक चाक नाही, बटण नाही. एका दोराला एक रांग, दुसऱ्याला दुसरी. गंमत अशी, की लाकूड सपाट ठेवत वर न्यायचं तर दोन्ही रांगांनी सारखंच ओढायला हवं. एक रांग जोरात आली की लाकूड तिरकं होतं आणि शीड अडतं. मग सगळ्यात जोरदार बाईला थांबावं लागतं, आणि दमलेल्या रांगेला बळ द्यावं लागतं. ताल धरायला कुणीतरी हाळी देते आणि सगळ्या एकदम ओढतात. जात्यावर दोघी बसल्या की एकीनं ओढायचं, दुसरीनं पुढं द्यायचं, आणि ओवीनं दोघींचा हात एका लयीत ठेवायचा, तसंच. दळण-कांडण केलेल्या आपल्या आज्यांना हे कुणी समजावून सांगावं लागलं नसतं.

शीड चढलं की दोर खुंटीला कसा अडकवायचा, मोकळा दोर गुंतणार नाही असा वेटोळं करून कसा ठेवायचा, हे शिकायचं. ओढ लागली तरी सुटत नाही, पण आपल्याला हवा तेव्हा सोडता येतो, असा फास शिकायचा. मग पहारे. एकीनं पुढच्या टोकाला उभं राहून लाकडाचा ओंडका, दुसरी बोट, काही दिसतंय का बघायचं आणि मागे कळवायचं. एकीनं होकायंत्र बघत सुकाणू धरायचं. एकीनं नकाशावर ते टिंब काढायचं. हो, तेच टिंब, मेरी पॅटननं काढलेलं! काही जणी स्वयंपाकघरात, भांडी घासायला. पण थोड्या वेळानं पहारा बदलतो आणि भांडी घासणारी सुकाण्यावर जाते. आपल्याकडे भांड्यांची पाळी बदलत नाही, हाच काय तो फरक!

आता तुम्ही विचाराल, बायकांचीच वेगळी सफर कशाला? शिकायचं तर सगळ्यांबरोबर शिकावं. प्रश्न रास्त आहे, आणि आम्हीही त्यावर बराच वाद घातला. मग आमच्यातल्या एकीनं विचारलं, "शेतातला पंप बंद पडला तर कोण बघतं?" सगळ्या हसलो. कारण उत्तर सगळ्यांना माहीत. आपण वाकून बघायला लागलो की मागून आवाज येतो, "दे इकडे, तुला नाही जमायचं." बोलणारा वाईट नसतो. बहुतेक वेळा प्रेमाचाच असतो. पण पाना आपल्या हातातून जातो आणि पंप कसा उघडतो ते आपल्याला कधीच कळत नाही. वीस वर्षांनी तोच माणूस म्हणतो, "हिला कशातलं काही कळत नाही." समुद्रावरही असंच झालं. दोर हातातून काढून घ्यायचा आणि मग म्हणायचं, बाईला दोर झेपत नाही. फक्त बायकांच्या डेकवर "दे इकडे" म्हणणारं कुणी नसतं. दोर जड असला तर आणखी दोघींना हाक मारायची, एवढंच. एकदा हात बसला, की मग कुणाही बरोबर काम करायला भीती राहत नाही.

आता देवमाशाकडे. जो मारायला म्हणून हे जहाज बांधलं, त्याच्याच जातभाईंसाठी आज ते समुद्र राखायला शिकवतं. सिॲटलजवळच्या प्युजेट साउंड या खाडीत ओर्का देवमासे येतात. तिथल्या ओर्कांची एक जमात आज धोक्यात आहे. त्यांचं मुख्य खाणं असलेला सामन मासा कमी झाला, पाण्यात विषारी द्रव्यं मिसळली, बोटींचा गोंगाट वाढला. जहाजावर शिकायला आलेल्या मुली बारीक जाळी पाण्यात सोडून त्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्या जिवांवर छोटे मासे, त्यांच्यावर सामन, सामनवर ओर्का. आपल्या घरातलं सांडपाणी या साखळीत कुठं जाऊन पोहोचतं, ते तिथं शिकता येतं. आपल्या खाड्यांमधली कालवं आणि शिंपल्या कमी होत चालल्याचं दुःख करणाऱ्या बायकांना हा धडा परका वाटणार नाही.

2013 मध्ये ॲडव्हेंचरेसला 100 वर्षं झाली. शंभरीच्या सुमारास तिच्या अंगावरच्या कितीतरी फळ्या बदलून तिला पुन्हा धडधाकट केलं गेलं. घासणाऱ्या, रंगवणाऱ्या, वर्गणी देणाऱ्या हातांमध्ये कधीकाळी तिच्यावर शिकून गेलेल्यांचेही हात होते. जहाजानं मुलींना शिकवलं आणि शिकलेल्यांनी जहाज राखलं.

आणि आपल्याकडे? आपल्या शेजारी गोव्यात, दिवाडी बेटावर, 'तारिणी' नावाची शिडाची नौका बांधली गेली. लांबी जेमतेम 56 फूट. 10 सप्टेंबर 2017 ला भारतीय नौदलाच्या सहा बायका लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली गोव्यातून निघाल्या आणि जगाची फेरी करून 21 मे 2018 ला परतल्या. वाटेत त्याच केप हॉर्नला त्यांनी वळसा घातला. परतीच्या वाटेवर सुकाण्याची यंत्रणा बिघडली, तेव्हा मॉरिशसला थांबून ती दुरुस्त केली आणि पुन्हा निघाल्या. पण या फेरीआधीचं ऐका. त्याआधी या सगळ्या 'म्हादेई' या नौकेवर शिकल्या, मोठमोठ्या सरावसफरी केल्या. शिकवणाऱ्यांमध्ये कॅप्टन दिलीप दोंदे होते, एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. मग 2024-25 मध्ये लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघींनीच तारिणीवरून पुन्हा जगाची फेरी केली.

मेरीला नवऱ्याच्या मर्जीनं शिकायला मिळालं. तारिणीवरच्या बायकांना शिकवणं हे एका दलाचं ठरवून केलेलं काम होतं. या दोहोंच्या मधल्या 160 वर्षांत कुठंतरी ॲडव्हेंचरेससारखी जहाजं आहेत. तिथं कुणी जगाची फेरी करत नाही. साध्या बायका दोन-चार दिवस येतात, हाताला घट्टे पाडून घेतात आणि घरी जातात. पण घरी गेलेल्या बाईला आपल्या हाताबद्दल एक नवी गोष्ट कळलेली असते.

आपल्यातल्या सगळ्याजणी जहाजावर जाणार नाहीत. पण आपल्या घरात, शेतात, बंदरात असा एखादा दोर असतोच, जो आजवर आपल्या हातात आलेला नाही. कुणाचा पंप असेल, कुणाचं बँकेचं पासबुक, कुणाची दारातली होडी. या आठवड्यात तो एकदा मागून बघा. "मला शिकव" म्हणा. हातातून कुणी काढून घेऊ लागलं तर हसून म्हणा, "थांब, माझा पहारा आहे."

आणि काय झालं ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात तुमच्याच गोष्टी ऐकू या. नमस्कार.